दिब्रुगड ते कन्याकुमारी एकाच गाडीने: पाच मैत्रिणी, स्लीपर की एसी?

कृष्णाकाठ विचारतात:

नमस्कार. सांगलीतून लिहितेय. आम्ही पाच मैत्रिणी, पाचवीपासूनच्या. सगळ्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. एक अजून शाळेत शिकवते, एक पोळीभाजी केंद्र चालवते, दोघी घर सांभाळतात, मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. लग्नानंतर पाचही जणी कुठे एकत्र गेलेलो नाही. कधी कुणाच्या सासूचं दुखणं, कधी कुणाच्या मुलाची दहावी. आता ठरवलंय की जायचंच.

कुठे, यावर चर्चा झाली. काशी झालं, राजस्थान झालं. शेवटी शाळेत शिकवणारी म्हणाली की आपल्याला ठिकाण नकोच आहे, आपल्याला एकमेकींबरोबर वेळ हवा आहे, तर देशातल्या सगळ्यात लांब पल्ल्याच्या गाडीत बसू. म्हणजे विवेक एक्सप्रेस. आसामातल्या दिब्रुगडहून निघते आणि कन्याकुमारीला थांबते. सुमारे 4,200 किलोमीटर, 75 तासांच्या आसपास. ऐकताक्षणी सगळ्यांना पटलं.

घरी मात्र कुणालाच पटलेलं नाही. "तीन रात्री गाडीत बसून बघणार काय?" हा प्रश्न पाचही घरांत सारखाच आला. म्हणून ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांना विचारते. सलग जावं की मध्ये उतरत जावं? स्लीपर की थर्ड एसी? आमच्यातल्या एकीचे गुडघे दुखतात, एकीला मधुमेह आहे. कोणता महिना बरा? आणि मिरजेला परत यायचं तर कसं? सविस्तर सांगितलंत तर फार मदत होईल, घरी दाखवायलाही.

---

गोदेकाठचा:

ताई, जा. आणि सलग जा.

मी नाशिकचा, बँकेतून निवृत्त. आम्ही चौघे मित्र याच गाडीने याच दिशेने गेलो होतो. मध्ये उतरण्याबद्दल आधी सांगतो, कारण आमच्यातही त्यावर वाद झाला होता. भुवनेश्वरला उतरू, कोणार्क बघू, मग पुढची गाडी पकडू, असं एकाचं म्हणणं होतं. कोणार्क बघायचंच असेल तर त्यासाठी वेगळं जावं. या प्रवासात जे बघायचं आहे ते खिडकीतून हळूहळू बदलत जातं आणि मध्ये उतरलं की तो धागा तुटतो. स्टेशनांच्या पाट्यांचंच बघा. असमिया लिपी असते, मग बंगाली, मग ओडियाची गोल अक्षरं, मग तेलुगू, तमिळ, मल्याळम. चहा देणाऱ्याची हाक बदलते. घरांची छपरं पत्र्याची असतात, ती गवताची होतात, मग कौलांची. केळीची बाग मात्र आसामात पहिल्या सकाळी दिसते आणि केरळात शेवटच्या संध्याकाळीही दिसते.

दिब्रुगडला दोन दिवस आधी पोहोचा. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून दिब्रुगडला थेट साप्ताहिक गाडी आहे, पण त्या गाडीने जाऊन लगेच या गाडीत बसू नका, पाठ आधीच थकलेली असेल. जाताना विमान घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. शहराजवळचा बोगीबील पूल बघून या. 2018 च्या 25 डिसेंबरला तो सुरू झाला, लांबी जवळपास पाच किलोमीटर, खाली रेल्वे आणि वर रस्ता. ब्रह्मपुत्रा किती रुंद आहे हे त्या पुलावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

गाडी संध्याकाळी सुटते, त्यामुळे वरचा आसाम आणि नागालँडमधलं दिमापूर अंधारात जातं. याची हळहळ करू नका. पहिली रात्र झोपायची आहे. सकाळी गुवाहाटी येतं आणि ते सोडलं की ब्रह्मपुत्रा ओलांडायची. त्या वेळी पाचही जणी जाग्या राहा.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते.

आम्ही निघालो तेव्हा "देशातली सगळ्यात लांब गाडी" एवढंच डोक्यात होतं. न्यू अलिपूरद्वारला आमच्या कप्प्यात चार तरुण चढले. विशी-बाविशीचे. केरळात पेरुंबावूर म्हणून गाव आहे, एर्नाकुलम जिल्ह्यात, तिथे प्लायवूडचे कारखाने खूप आहेत. तिथे कामाला निघालेले. त्यातला एक पहिल्यांदाच घर सोडून चालला होता. सिलिगुडी मागे पडेपर्यंत तो आईशी फोनवर बोलत होता, तुटला की पुन्हा लावायचा. बाकीचे तिघे जुने. पाणी कुठल्या स्टेशनवर चांगलं, जेवण कुठे घ्यायचं, कुठे गाडी जास्त थांबते, सगळं त्यांना पाठ. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकाचं पोट बिघडलं तेव्हा त्यातल्याच एकाने खाली उतरून दही आणि केळी आणून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

ही गाडी त्यांची आहे, ताई. आसाम, उत्तर बंगाल, बिहारचा किशनगंजचा भाग, इथून तमिळनाडू आणि केरळात कामाला जाणाऱ्या लोकांनी ती भरलेली असते. स्वामी विवेकानंदांच्या 150 व्या जयंतीचं निमित्त म्हणून 2011 च्या रेल्वे अर्थसंकल्पात ती जाहीर झाली आणि तेव्हा आठवड्यातून एकदाच धावायची. पुढे फेऱ्या वाढवाव्या लागल्या त्या या लोकांच्या गर्दीमुळे, पर्यटकांमुळे नव्हे. आपण त्या गाडीत पाहुणे असतो. हे मनात ठेवून बसलात तर तीन दिवस कमी पडतील. घरच्यांनी विचारलं ना, बघणार काय? त्यांना हे सांगा.

म्हणूनच मी स्लीपर म्हणतो. एसीत काच बंद, बाहेरचं सगळं फिकट दिसतं, वास येत नाही, स्टेशनवरचा आवाज येत नाही. पडदे ओढून सगळे मोबाईलवर. स्लीपरमध्ये खिडकी उघडी राहते आणि माणसं बोलतात.

खाण्याचं: पँट्रीचं जेवण पोट भरण्यापुरतं ठीक. बंगालच्या हद्दीत झालमुरी चढते, मोहरीच्या तेलातली, ओलं खोबरं घातलेली, ती खाच. तुम्ही सांगलीच्या, तेव्हा भडंग भरपूर न्या. मुरमुरे खाणाऱ्या लोकांना ते लगेच आपलंसं वाटतं आणि ओळख करून घ्यायला त्याहून चांगली वस्तू नाही. आमचा नाशिकचा चिवडा दुसऱ्या दिवशीच संपला होता. मधुमेह असलेल्या मैत्रिणीसाठी फुटाणे, शेंगदाणे, खाकरा असं काहीतरी कायम हाताशी असू द्या, कारण पँट्रीवाला दोन वाजता येईल म्हणतो आणि चार वाजता येतो.

तिसऱ्या दिवशी भुवनेश्वर, खुर्दा रोड सोडल्यावर डाव्या बाजूला बसा. चिलिका सरोवर बराच वेळ सोबत राहतं. काही ठिकाणी पाणी रुळांच्या अगदी जवळ येतं, होड्या दिसतात, जाळी वाळत घातलेली दिसतात. मग संध्याकाळकडे विशाखापट्टणम. तिथे इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी उलट दिशेने निघते. पुढे तोंड करून बसलेली माणसं अचानक मागे तोंड करून प्रवास करू लागतात. खिडकीच्या पाळ्या ठरवताना हे लक्षात ठेवा, कारण पाळ्या ठरवाव्याच लागतात. चाळीस वर्षांची मैत्री असली तरी खिडकी एकच असते. आम्ही दर मोठ्या स्टेशनला जागा बदलायचो आणि दुपारी दोन तास कुणी कुणाशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ज्याला वाचायचं त्याने वाचायचं, झोपायचं त्याने झोपायचं. त्यामुळे संध्याकाळच्या गप्पा ताज्या राहिल्या.

विशाखापट्टणमनंतर अंधार पडतो आणि मग राजमहेंद्री. तिथे आम्ही चौघेही दाराशी येऊन उभे राहिलो, दार बंद ठेवून, काचेतून. गोदावरी. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर जिचा उगम, रामकुंडात जिच्यात आम्ही लहानपणी उड्या मारल्या, ती तिथे इतकी पसरलेली आहे की रेल्वेचा पूल अडीच किलोमीटरहून लांब. गाडी पुलावरून जात राहते, जात राहते, खाली काळं पाणी, लांब दिवे. डब्यातल्या एका तेलुगू आजींनी नाणं टाकलं आणि हात जोडले. आमच्यातला एरवी देवळात न जाणारा मित्र, त्यानेही जोडले. तुमची कृष्णा विजयवाड्याला भेटेल, पण रात्री उशिरा. मी तुमच्या जागी असतो तर गजर लावून उठलो असतो.

शेवटचा दिवस काटपाडी, सेलम, इरोड, कोइमतूर. मग पालक्काडची खिंड. सह्याद्रीची भिंत तिथे मोकळी होते आणि गाडी घाट न चढता पलीकडे जाते. खिंडीनंतर हिरवा रंगच बदलतो, आणि थोड्या वेळाने भारतपुझा नदी रुळांना साथ देऊ लागते. अलुवाला ती चार मुलं उतरली. सामान खाली घेऊन खिडकीपाशी आली आणि गाडी हलेपर्यंत थांबली.

कन्याकुमारीला पोहोचायला रात्रीचे दहा तरी होतात, बऱ्याचदा त्याहून उशीर. राहण्याची जागा आधीच ठरवून ठेवा आणि परतीचं तिकीट मध्ये एक पूर्ण दिवस सोडूनच काढा.

---

वाई_मेणवली:

वरचं सगळं वाचून छान वाटलं, पण गुडघेदुखी असलेल्या बाईला स्लीपरमध्ये पाठवू नका असं मी म्हणेन. मी आसामला याच मार्गाने गेले आहे. स्लीपरच्या डब्यात आरक्षण नसलेली माणसंही चढतात, वाटेत बसतात, रात्री स्वच्छतागृहापर्यंत जायचं म्हणजे माणसं ओलांडत जावं लागतं. ती माणसं वाईट नसतात, त्यांनाही घरी जायचं असतं, पण गुडघा वाकत नसेल तर ते ओलांडणं त्रासाचं होतं. तिसऱ्या दिवशी स्वच्छतागृहाची अवस्था कशी असते ते पुरुष फारसं लिहीत नाहीत. पाणी संपलं किंवा घाण झाली तर 139 वर तक्रार करा, मोठ्या स्टेशनला माणूस येतो. पण ती वेळ येईपर्यंत काय?

शिवाय चादर-पांघरूण एसीत मिळतं, स्लीपरमध्ये स्वतःचं न्यावं लागतं. थंडीत आसाम, उत्तर बंगालची रात्र चांगलीच गार असते.

थर्ड एसी घ्या आणि दिवसा दाराजवळ किंवा स्टेशनवर उतरून हवं ते बघा. खिडकीसाठी दुखणं वाढवून घेऊ नका. आणि आंघोळीसाठी ओले टॉवेल, सुती गाऊन, रबरी चपला, एक छोटा मग. एवढं प्रत्येकीचं वेगळं.

---

खिडकी_क्रमांक_दोन:

मी आरक्षण खिडकीवर नोकरी केली, आता निवृत्त. तिकिटाचं तेवढं सांगतो.

आरक्षण आता 60 दिवस आधी खुलं होतं. 1 नोव्हेंबर 2024 च्या आधी ते 120 दिवस होतं, त्यामुळे जुने लेख वाचून तारीख काढू नका. प्रवासाचा दिवस सोडून मोजायचं, सकाळी आठला सुरू होतं. पाच जणी एका तिकिटावर बसतात, मर्यादा सहाची आहे.

पंचेचाळीस वर्षांवरच्या महिलांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, पण तो एकटीने किंवा दोघींनीच एका तिकिटावर काढलं तर. पाच जणींच्या तिकिटाला तो लागू होत नाही. दुसरी वाट लेडीज कोट्याची. लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेस गाड्यांत स्लीपर वर्गात सहा बर्थ महिलांसाठी राखीव असतात. वयाची अट नाही, एकटी असो वा गट. तुम्ही पाच आहात. पहिल्याच दिवशी पहिल्या मिनिटांत काढलंत तर सगळ्या त्या सहांत बसू शकता, म्हणजे गुडघ्याचा प्रश्न आणि अनोळखी पुरुषांचा प्रश्न दोन्ही सुटतात. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच उघडायचा असतो, दिवसा तो पाडून ठेवला की खाली तिघी नीट बसतात.

मध्ये उतरण्याबद्दल. 500 किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर वाटेत थांबता येतं, 1,000 पेक्षा लांब असेल तर दोनदा, पण पुढच्या प्रवासाचं आरक्षण आपोआप मिळत नाही. ते वेगळं बघावं लागतं, म्हणून आरक्षित प्रवासात लोक याचा फायदा घेत नाहीत.

मात्र एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते ती सांगतो. विमान न घेता जाणं-येणं सगळं रेल्वेने करणार असाल, म्हणजे मिरज, मुंबई, दिब्रुगड, कन्याकुमारी आणि परत मिरज, तर तुमचा प्रवास चक्राकार होतो. त्यासाठी सर्क्युलर जर्नी तिकीट असतं. जिथून निघालात तिथेच संपलं पाहिजे. वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी थांबता येतं. भाडं असं काढतात की एकूण अंतराचे दोन भाग करायचे आणि प्रत्येक भागाचं एकेरी भाडं लावायचं. लांब अंतराला दर किलोमीटरमागे कमी पडतो, म्हणून सुटी तिकिटं काढण्यापेक्षा हे बरंच स्वस्त होतं. मिरज पुणे विभागात येतं, तेव्हा विभागाच्या वाणिज्य कार्यालयाकडे मार्ग लिहून अर्ज करायचा, मग स्टेशनवर तिकीट आणि प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगवेगळं. मी नोकरीत असताना असे अर्ज फार कमी यायचे आणि जे यायचे ते तपासताना मला फार आनंद व्हायचा. नकाशा समोर ठेवून कुणीतरी विचार केलेला असायचा.

ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, तेव्हा त्याचा हिशेब धरू नका.

---

गलाईवाला_त्रिशूर:

ताई, मी मूळचा विट्याकडचा. आमचं इथं त्रिशूरला गलाईचं दुकान. आपल्या खानापूर, आटपाडी तालुक्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत हे तुम्हाला सांगायला नको. त्रिशूर म्हणजे सोन्याच्या दागिन्यांचं मोठं गाव, म्हणून आमचे वडील इथं आले आणि आम्ही इथंच राहिलो. सांगलीच्या पाच जणी आमच्या दारावरून जाणार म्हटल्यावर लिहायला बसलो.

गोदेकाठच्या दादांनी जे लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. आमच्या बाजारात आता बंगालचे कारागीर भरपूर आहेत. बारीक काम त्यांच्या हाताचं. त्यातले कितीतरी या असल्याच गाड्यांनी आले. मी पण लहानपणी विट्याहून इथं आलो तेव्हा भाषा येत नव्हती, शेजारच्या बाईनं केळीच्या पानात भात वाढला होता. म्हणून कामाला आलेलं पोरगं दिसलं की आम्ही विचारतो, जेवलास का.

महिना विचारलात. ऑक्टोबर-नोव्हेंबर नको. बंगालच्या उपसागरातली वादळं त्याच दिवसांत येतात, आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्याला रूळ बंद पडतात, गाड्या रद्द होतात. दुर्गापूजेची गर्दीही तेव्हाच. डिसेंबर-जानेवारीत तिकडं वर धुकं. एप्रिलच्या मध्याला आसामात बिहू असतो, त्याच्या मागंपुढं ही गाडी भरलेली असते, आणि उन्हाळ्यात आंध्रातली दुपार स्लीपरमध्ये सोसत नाही. फेब्रुवारी धरा. शाळेतल्या ताईंना रजा काढायला लागंल, पण काढा म्हणावं.

परत यायचं तर एर्नाकुलमहून पुण्याला पूर्णा एक्सप्रेस आहे, आठवड्यातून एकदा, ती मडगाव, लोंढा, बेळगाव करत मिरजेवरूनच जाते. आम्ही गावाकडं यात्रेला तिनंच येतो. कन्याकुमारीहून सकाळच्या गाडीनं एर्नाकुलमला या, एक मुक्काम करा, मग ती पकडा. घाटात दूधसागर लागतो. फेब्रुवारीत पाणी कमी असतं पण घाट बघण्यासारखा आहेच. दुसरी गाडी म्हणजे कन्याकुमारी ते पुणे, ती सोलापूर-दौंडकडून जाते, तुम्हाला लांब पडंल.

पालक्काडच्या पुढं डब्यात पळम् पोरी विकायला येतात, पिकल्या केळाची भजी. गरम असली तरच घ्या. मधुमेहवाल्या ताईंना एकच द्या.

---

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी पोळीभाजी केंद्रावर बसून आम्ही हे सगळं मोठ्याने वाचलं. पोळ्या लाटता लाटता. गोदावरीचा भाग वाचून झाल्यावर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही, मग गुडघेवाली म्हणाली, मी खालच्या बर्थवर झोपेन पण खिडकी उघडी पाहिजे.

तर फेब्रुवारी ठरला. स्लीपर, लेडीज कोटा, 60 दिवस आधी सकाळी आठला माझा भाचा आणि मी दोन वेगवेगळ्या फोनवर बसणार. तिथे नाही मिळालं तर वाईच्या ताईंचं ऐकून थर्ड एसी, कारण त्यांचा मुद्दा आम्हाला सगळ्यांना पटला आहे. छोटा मग, ओले टॉवेल, रबरी चपला यादीत घातलं. जाताना विमान, त्यामुळे चक्राकार तिकीट या वेळी नाही, पण ते वाचून शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीने कालच नकाशा काढला आणि पुढच्या वेळची आठ ठिकाणं लिहायला सुरुवात केली.

विजयवाड्याला कृष्णेसाठी गजर लावणार. पाचही जणी.

भडंग दोन किलो नेतोय. पुरेल का?

---

गोदेकाठचा:

नाही पुरणार. चार न्या.

---

गलाईवाला_त्रिशूर:

तिकीट झालं की डबा नंबर आणि बर्थ नंबर कळवा. त्रिशूरला गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, पण आमचा मुलगा स्टेशनवर येईल. बायको म्हणतेय, चार दिवस ताईंनी भाकरी खाल्लेली नसणार. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, पाच जणींचं. मधुमेहवाल्या ताईंसाठी वेगळं काही लागत असंल तर आधी सांगा.